घुबडछाप

आमच्या फ्रिजच्या दारात वरच्या कप्प्यात अंडी नाहीत, लिंबं नाहीत, फिल्मचे रोल आहेत. जुन्या कॅमेऱ्यात घालायचे ते रोल. मला वाटत होतं की ही भानगड मोबाइल आल्यावर जगातून कायमची गेली. ती आमच्या ह्यांनी पन्नाशी उलटल्यावर हौसेनं घरात आणली. रोलला थंडावा लागतो म्हणे, त्यामुळे दही ओट्यावर आंबतं आणि रोल गारेगार झोपतात. पाहुणा पाणी घ्यायला फ्रिज उघडतो तेव्हा आधी एक घुबड त्याच्याकडे डोळे वटारून बघतं. काळी डबी, त्यावर पांढरं घुबड आणि खाली जर्मन भाषेत काहीतरी. पाहुणा दचकतो. मी आता दचकत नाही.

आमचे हे नाशिकजवळ ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासनीस. सुटा भाग हातात आला की तो कुठून आला, कुणी केला, कशाचा केला हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचं जन्माचं काम. घरातही तेच. गॅसची नळी आणली तर उलटसुलट करून बघणार, मिक्सरचं भांडं आणलं तर बूड बघणार. भाजीवालीला एकदा विचारलं होतं, मेथी नेमकी कुठल्या शिवारातली? ती म्हणाली, काका, मेथी मेथीच्या शिवारातली. असा हा माणूस, पण घुबडापुढे मात्र हात जोडून उभा.

कारण डबीतून एक घडीचा कागद निघायचा. त्यावर गोष्ट होती. युरोपातल्या डोंगरातलं एक खेडं, तिथे एक कुटुंब. आजोबांनी फिल्म करायला सुरुवात केली, मुलानं चालवली, आता नात चालवते. ती स्वतः अंधाऱ्या खोलीत पट्टीवर लेप चढवते, आणि पाणी वापरतात ते हिमनदीच्या वितळलेल्या बर्फाचं. ही गोष्ट आमच्या घरी आलेल्या प्रत्येक माणसानं ऐकलेली आहे. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्यानंसुद्धा. तो बिचारा खांद्यावर रिकामी टाकी घेऊन नातीची कथा ऐकत उभा होता.

मी घोटीची, भाताच्या गिरणीतली मुलगी. मला डबीवरच्या चित्राचं कौतुक कुणी सांगू नये. आमच्या गिरणीत एकाच तोंडातून तांदूळ पडायचा आणि तो हत्तीच्या पोत्यात जायचा, मोराच्या पोत्यात जायचा, राणीच्या पोत्यात जायचा. राणी खपेनाशी झाली की डबल राणी निघायची. व्यापारी आले की बाबा आईला तीन पातेली चढवायला सांगायचे. तिन्हींत भात एकच. व्यापारी पहिला घास घ्यायचा, मान हलवायचा. दुसरा घ्यायचा, तोंड वाकडं करायचा. तिसरा घेऊन डोळे मिटायचा आणि म्हणायचा, हा! हा खरा. बाबा अगदी नम्रपणे म्हणायचे, ‘बरोबर ओळखलंत शेठ, तुमच्यापुढे काय लपणार?’ व्यापाऱ्याची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही हसू दाबून धरायचो, आणि मग आई पदर तोंडाला लावून खाली बसायची.

तेव्हापासून मला सवय लागली. पोतं समोर आलं की मी हत्ती बघत नाही, पोत्याची शिवण बघते. दोरा कुठला, टाका कसा घातलाय, त्यावरून गिरणी कळते. चित्र काय, कुणीही छापतं.

फक्त एक तांदूळ आमच्याकडे चित्राविना असायचा. आमच्या स्वतःच्या खाचरातला इंद्रायणी. तो विकायचा नसे. कोऱ्या पांढऱ्या पोत्यात भरायचा आणि घरच्यांनी खायचा. बाबा गेले, गिरणी भाऊ चालवायला लागला, तरी दर दिवाळीनंतर ते पोतं माझ्याकडे येत राहिलं. हेच जाऊन आणतात. माझे गुडघे कुरकुरतात म्हणून जिन्यावरून वर आणायचं, फोडायचं, पिंपात ओतायचं, रिकामं पोतं खाली टाकून यायचं, सगळं तेच करतात. मला हात लावू देत नाहीत. त्या भाताची वाफ आली की मी डोळे मिटून उभी राहते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या माहेरच्या भाताबद्दल मी कुणाचा एक शब्द ऐकून घेत नाही, हेही माहीत आहे.

तर रविवारी आमच्याकडे ह्यांची मंडळी जमायची. मंडळी म्हणजे दोघं. एक निवृत्त प्राध्यापक आणि एक दातांचे डॉक्टर. डॉक्टरांची फिल्म वेगळी. त्यांच्या लाल डबीवर रेल्वेचं इंजिन. त्यांच्या कागदातली गोष्ट अशी की ही फिल्म पूर्वी हेरांसाठी बनायची, तो कारखाना बंद पडला होता आणि काही वेड्या लोकांनी तो पुन्हा सुरू केला. म्हणजे एकाकडे नात, दुसऱ्याकडे हेर. त्यावरून दोघं असे भांडायचे की चहा गार व्हायचा. हे म्हणायचे, इंजिनाचा काळा रंग मेलेला आहे. डॉक्टर म्हणायचे, घुबडाचा करडा रंग आजारी आहे. प्राध्यापक मधे बसून ‘टोन, टोन’ करायचे. नाकानं कांदे सोलणारे तिघं एका दिवाणावर. मी पोहे ठेवायची आणि आत जाऊन एकटीच हसायची.

फिल्म धुण्याचं काम आमच्या न्हाणीघरात चालतं. काळ्या पिशवीत हात घालून रोल टाकीत भरायचा, औषधं ओतायची, हलवायची, पाणी घालायचं, मग ओली पट्टी कपड्यांच्या दांडीवर चिमट्यानं लटकवायची. माझ्या साडीशेजारी घुबड वाळत असतं. एकदा मी कपडे काढायला गेले, तर वाळलेली पट्टी वाऱ्यानं फिरली आणि उजेडात तिची कड दिसली. भोकांच्या बाहेर जी बारीकशी जागा असते ना, तिथे. आधीच्या पट्ट्यांवर नुसते आकडे असायचे. ह्या पट्टीवर अक्षरं होती. चष्मा लावून वाचली. घुबडाचं नाव नव्हतं. एका जुन्या, मोठ्या, सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या कंपनीचं नाव होतं. मी कपाट उघडून आमच्या लग्नाच्या निगेटिव्ह काढल्या. तेच नाव, तीच अक्षरं.

अहो, आमच्या लग्नाचे फोटो घोटीतल्या एका फोटोवाल्यानं काढले होते. त्याच्याकडे हिमनदी नव्हती.

ह्यांना हे कसं दिसलं नाही, असं कुणी विचारेल. तर हे पट्टी कापून एका चौकटीत बसवतात, ती यंत्रात सरकवतात आणि चित्र बघतात. चौकटीत कड झाकली जाते. जन्मभर दुसऱ्याच्या मालाचं बूड बघणारा माणूस स्वतःच्या आवडत्या वस्तूचं बूड बघायचं विसरला. मी मेन रोडवरच्या जुन्या फोटोच्या दुकानात गेले आणि सरळ विचारलं. दुकानदार हसला. म्हणाला, ‘वहिनी, फिल्मवर लेप चढवणारे कारखाने आता जगात हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच उरलेत. ती यंत्रं घराएवढी असतात, कुणाच्या आजोबांना झेपणारी नाहीत. बाकीचे काय करतात, तिथून मोठमोठे तागे आणतात, कापतात, डबीत भरतात आणि डबीवर चित्र लावतात. कुणी सिनेमाची उरलेली फिल्म भरतो, कुणी कसली. डब्या किती आणि कारखाने किती, हे गिऱ्हाइकानं विचारायचं नसतं.’

मला तर बाबाच बोलल्यासारखं वाटलं. हत्ती, मोर, राणी, डबल राणी, घुबड.

पण मी घरी येऊन गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, ह्याचं कारण तसंच होतं. ह्यांची निवृत्ती जवळ आली होती. कारखान्यातले बाकीचे लोक निवृत्तीनंतर काशीला जातात, दुबईला जातात, नाहीतर त्र्यंबकच्या रस्त्यावर प्लॉट घेऊन आंबे लावतात. ह्यांनी ठरवलं होतं की आपण त्या खेड्यात जायचं. नातीला भेटायचं. कारखाना डोळ्यांनी बघायचा. मोबाइलवरून जर्मन शिकायला लागले होते. सकाळी दाढी करता करता ‘गुटन टाग’, म्हणजे नमस्कार. मी डाळीला फोडणी दिली की ‘डांके’, म्हणजे आभार. कंपनीला पत्र पाठवून झालं होतं. उत्तर आलं की आम्ही पाहुण्यांना आत घेत नाही. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. हे म्हणाले, ‘साधना चालू असते त्यांची. गाभाऱ्यात कुणालाही सोडतात का? आपण दारापर्यंत तरी जाऊ.’

ह्या माणसानं इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. मुलीचं शिक्षण, आईचं दुखणं, घराचे हप्ते, सगळं निमूट केलं. आता कुठे एक हट्ट धरला होता, आणि त्याबद्दल बोलताना चेहरा असा उजळायचा की माझी जीभच उचलायची नाही. जाऊ दे, म्हटलं. बघू दे काय बघायचं ते.

आणि मग एका रविवारी ह्यांनी तोंड उघडलं. डॉक्टर आणि ते पुन्हा काळ्या-करड्यावरून जुंपले होते. मी पोह्याच्या बश्या ठेवताना सहज म्हणाले, ‘मला तर बाई दोन्ही सारखेच दिसतात.’ झालं! हे मंडळींकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘हिला नाही कळायचं. ही तांदूळवाली. हिला सगळं पांढरंच दिसतं.’ प्राध्यापक हसले. डॉक्टर तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तांदूळवाली काय? बरं. दाखवते तांदूळवाली.

हे ओझरला गेले असताना मी फ्रिजमधून तीन रोल काढले. एक घुबडाचा. एक इंजिनाचा, जो डॉक्टरांनी ह्यांना बाटवण्यासाठी भेट दिला होता. आणि तिसरा मी मेन रोडवरून आणला, त्याच जुन्या कंपनीचा, साधा, तिच्या स्वतःच्या नावाचा. कॅमेरा घेतला आणि गॅलरीतून तिन्ही रोलांवर तेच तेच टिपलं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, शेवग्याचं झाड, शेजारणीच्या वाळत घातलेल्या कुरडया. धुवायचं कसं हे मी बघून बघून शिकलेच होते. तिन्ही पट्ट्या दांडीवर वाळल्या आणि मी कडा वाचल्या. घुबडावर नाव होतंच. इंजिनावरही तेच नाव निघालं. हेरांनी मला निराश केलं नाही.

पुढच्या रविवारी मंडळी बसली. मी तिन्ही पट्ट्यांच्या दोन्ही कडांना कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्या खिडकीला लटकवल्या आणि म्हटलं, ‘तांदूळवालीला जरा शिकवा. ह्यातलं घुबड कोणतं?’

बाबांचे व्यापारी माझ्या डोळ्यांसमोर आले. प्राध्यापकांनी पहिल्या पट्टीपुढे मान हलवली, दुसरीपुढे तोंड वाकडं केलं, तिसरीपुढे डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, मधली इंजिनाची, पैजेवर सांगतो, ह्या काळ्याला खोली आहे. मधली साधी होती. ह्यांनी मात्र वेळ घेतला. चष्मा पुसला, नाक जवळ नेलं आणि शेवटच्या पट्टीवर बोट ठेवून हळूच म्हणाले, ‘ही. हिच्यात हात दिसतो. माणसाचा हात.’ ती पट्टी इंजिनाची होती.

मी एकेक कागद ओढून काढला. तिन्ही कडा उघड्या पडल्या. ‘वाचा,’ म्हटलं, ‘मोठ्यानं वाचा.’ प्राध्यापकांनी वाचलं. तिन्हींवर एकच नाव. मग मी लग्नाची निगेटिव्ह आणून त्यांच्या शेजारी धरली. त्यावरही तेच. ‘नात आमच्या लग्नाला आली होती वाटतं,’ मी म्हटलं. काय सांगू, मला इतका आनंद झाला होता! डॉक्टरांना अचानक एका दाढेची आठवण आली आणि ते उठले. प्राध्यापक पोहे तसेच टाकून त्यांच्यामागे गेले.

हे बसूनच राहिले. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिन्ही पट्ट्या काढल्या, नीट गुंडाळल्या आणि म्हणाले, ‘फोटो चांगले आलेत तुझे. कुरडया छान दिसतात.’ बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी दाढी करताना गुटन टाग नाही. फोडणीला डांके नाही. मुलीचा फोन आला, बाबा, व्हिसाचं बघू का? हे म्हणाले, राहू दे, तिकडे थंडी फार असते. फ्रिजमध्ये घुबडं होती तशीच होती, पण त्यांच्याकडे कुणी बघेना. मी दही आत ठेवलं. डब्या मागे सारल्या, तरी कुणी अडवलं नाही.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त राग आला. मी खोटं बोलले का? शिवण दाखवली, एवढंच. त्यावर माणसानं असं मिटून जायचं? दिवाळी होऊन गेली होती, पिंप तळाला गेलं होतं आणि हे घोटीचं नाव काढत नव्हते. म्हटलं, माझं माहेर आहे, मला काय एसटी मिळत नाही? हे कामावर गेल्यावर मी न सांगता निघाले आणि दुपारच्या आत भावाच्या दारात उभी राहिले.

वहिनीनं मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. ‘अगंबाई, एकट्याच? दाजी नाय आले? मंग आता वास कोन घेनार?’

‘कसला वास?’

‘गप गं,’ भाऊ आतून ओरडला. पण वहिनीच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि मी काही सोडणाऱ्यातली नाही. भावानं मान खाली घालून सांगितलं. खाचरं त्यानं लॉनवाल्याला दिली आहेत. लग्नाचं लॉन. तिथे आता हिरवळ आहे, खोटा धबधबा आहे आणि नवरानवरीला बसायला सिमेंटचं कमळ आहे. भात लावून परवडत नव्हता. मी भाऊबीजेला येते, जेवते, ओवाळते आणि जाते. शेतावर बाबा गेल्यापासून गेलेच नव्हते. ‘तुला सांगनार व्हतो,’ भाऊ म्हणाला, ‘दाजीच म्हनले, नको सांगू. तिला तेवढं एकच हाय.’

‘आणि तांदूळ?’

‘मावळातून येतो. येपाऱ्याकडून.’

वहिनी म्हणाली, ‘पन दाजी कसाबी नेत नाय हां ताई. मला तीन जागचा शिजवाया लावत्यात. तीन पातेली. खाली बसत्यात, एकेकाची वाफ घेत्यात, डोळं मिटत्यात, आन मंग सांगत्यात, हा तिच्या बाबांसारखा हाय. मंग त्येचंच पांढरं पोतं येपारी शिवून धाडतो.’

आधी भावाला वाटेल ते बोलले. मग कोपऱ्यातलं तसलंच एक पांढरं पोतं ओढलं आणि तिथेच खाली बसून त्याची शिवण बघितली. निळा दोरा, दुहेरी टाका. आमच्या गिरणीचा टाका एकेरी असायचा, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. इतकी वर्षं माझ्या घरात, माझ्या पिंपाशेजारी हे पोतं फुटत होतं आणि जगाच्या शिवणी बघत फिरणाऱ्या मला ते एकदाही बघावंसं वाटलं नाही. वहिनीनं न विचारता तीन पातेली चढवली. मी तिन्हींची वाफ घेतली. पिशवीभर तांदूळ घेतला आणि एसटीत खिडकीला तोंड लावून नाशिकपर्यंत रडत आले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कुणी नाही हो, कांदा लागला डोळ्याला.

संध्याकाळी हे आले. मी ताट वाढलं. वाफ त्यांच्या तोंडावर आली तसा त्यांचा हात थांबला. मग त्यांना कोपऱ्यातली घोटीची पिशवी दिसली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘कुणी निवडला?’

‘मी,’ म्हटलं. ‘तीन पातेली शिजवली वहिनीनं. मला एकातही फरक कळला नाही.’

त्यांनी एक घास घेतला. मग म्हणाले, ‘मलाही कधी कळला नाही. मी आपलं मधलं पातेलं सांगायचो.’

मी उठले, फ्रिज उघडला, दही बाहेर काढलं आणि त्यामागची घुबडाची डबी आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

‘मुलीला फोन लावा,’ म्हटलं. ‘तिकिटं दोन काढायला सांगा. त्या नातीनं दार उघडलं नाही तर मी बघते तिच्याकडे.’